तेलघाणा, पंचवीस हजार आणि पहिल्या पानाची गॅरंटी

प्रश्न असा आला आहे: "कराडला आमचा लाकडी तेलघाणा आहे. दोन घाणे, रोज साठेक लिटर तेल निघू शकतं, खप मात्र चाळीसच्या आसपास. विक्री दुकानातून आणि ओळखीच्या घरांत. परवा एका एजन्सीचा मुलगा येऊन गेला. एसईओ, सोशल मीडिया, लीड जनरेशन, 'गुगलच्या पहिल्या पानावर आणायची गॅरंटी', सगळं मिळून महिना २५ हजार, जाहिरातीचे १० हजार वेगळे. मुलगी म्हणते करू या. मला व्हॉट्सॲपच्या पुढं काही येत नाही. समजेल असं सांगा, करावं का?"

या भावात करू नका. पण मुलीचं म्हणणंही उडवून लावू नका, कारण तिला जे दिसतंय ते खरं आहे: तुमचं गिऱ्हाईक आता फोनमध्ये बघून मग घराबाहेर पडतं. प्रश्न फक्त किती पैशात, कुठून सुरुवात करायची आणि कुणाच्या हातात काय द्यायचं, एवढाच आहे.

आधी वही काढा. लिटरमागे काय सुटतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. शेंगदाण्याचं लिटरभर तेल काढायला अडीच किलोच्या आसपास दाणे जातात, पेंडेचे पैसे परत येतात, वर लाइट, माणूस, डबा, बूच. दोन-तीन घाणेवाल्यांचे हिशेब मी जवळून पाहिलेत, त्यावरून लिटरला ४० रुपये धरतो. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घाला. रोज २० लिटरची जागा शिल्लक आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० लिटर. म्हणजे घाण्यातून निघू शकणारा शेवटचा थेंबसुद्धा खपला, तरी जास्तीची कमाई २०,८०० रुपये. आणि खर्च? २५ आणि १० मिळून ३५ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४१,३००. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठी ठरावीक दरानं कर भरायची सोय) असाल तर त्या जीएसटीची वजावटही मिळणार नाही. तिसरा घाणा बसवल्याशिवाय हा सौदा बसतच नाही, मग मार्केटिंग कितीही झकास होवो.

हा हिशेब त्या मुलानं करून दाखवला नाही म्हणून तो लबाड ठरत नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी पण तोच मुलगा होतो. बॅगेत लॅपटॉप, हातात 'सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम' असं छापलेलं पॅकेजचं पत्रक, आणि समोरच्याचा धंदा पेंडेवर चालतो की पेढ्यांवर याच्याशी काही देणंघेणं नाही. पॅकेज सगळ्यांना एकच असतं, तिथंच घोळ आहे.

आता ऑनलाइन मार्केटिंग म्हणजे काय ते. एसईओ, एसएमएम, पीपीसी ही अक्षरं तूर्त बाजूला ठेवा. तुमच्यापुरते त्यात दोनच प्रकार आहेत, आणि दोन्ही तुम्हाला आधीपासून माहीत आहेत.

कोल्हापूर नाक्यावर एसटीतून उतरलेला माणूस पानाच्या टपरीवर विचारतो, "इथं घाण्याचं तेल कुठं मिळतं हो?" त्याला तेल हवंच आहे. पिशवी हातात आहे, पैसे खिशात आहेत, फक्त पत्ता हवा. टपरीवाल्यानं तुमचं नाव घेतलं तर काम झालं. गुगल म्हणजे ही टपरी. दुसरा माणूस आठवड्याच्या बाजारात मुलीला फ्रॉक घ्यायला आलाय आणि तुमचा फ्लेक्स त्याच्या नजरेस पडला. त्याच्या डोक्यात तेल नाही. दहादा फ्लेक्स बघेल, अकराव्यांदा दाणे रगडल्याचा वास येईल, तेव्हा कदाचित वळेल. फेसबुक, इन्स्टाग्राम म्हणजे हा बाजारातला फ्लेक्स. दोन्हीचा उपयोग आहे. पण टपरीवाल्याला आपलं नाव माहीत नसताना फ्लेक्सवर पैसे ओतणं हा उलटा कारभार झाला, आणि बहुतेक ठिकाणी मला तोच दिसतो. कारण फ्लेक्स मालकाला दिसतो, त्याच्या मेव्हण्याला दिसतो, लाइक येतात. टपरीवर काय बोलणं होतं ते दिसत नाही.

म्हणून आता फोन घ्या. मुलीचा नको, तिचा फोन तिच्या सवयीनं चालतो. शेजारच्या दुकानदाराचा घ्या. टाइप करा: लाकडी घाणा तेल कराड. मग तेच इंग्रजी अक्षरांत टाइप करा, कारण निम्मी माणसं तसंच लिहितात. वर एक नकाशा येईल, खाली साधारण तीन दुकानांची नावं, चांदण्या, 'उघडे' किंवा 'बंद', फोनचं बटण. तुमच्यासारख्या दुकानासाठी गुगलवरची सगळ्यात मोलाची जागा ही आहे, आणि ती फुकट आहे. तिथं येण्यासाठी जे खातं लागतं त्याला २०१४ मध्ये 'गुगल माय बिझनेस' म्हणायचे, २०२१ पासून 'गुगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. वस्तू तीच.

नकाशात कुणाचं नाव वर यावं हे गुगल तीन गोष्टींवरून ठरवतं, आणि त्या त्यांनी उघड सांगितल्यात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचं दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे, आणि दुकानाचं नाव किती झालेलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही. मलकापूरच्या कृष्णा हॉस्पिटलजवळ उभ्या असलेल्या माणसाला आधी मलकापूरचा घाणा दिसणार, त्याला इलाज नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र तुमच्या हातात आहेत, आणि त्यांना पैसे नाही, वेळ लागतो.

एका संध्याकाळचं काम सांगतो. मुलीला शेजारी बसवा. दुकानाचा प्रकार निवडताना 'किराणा' निवडू नका. तेलाशी जवळचा जो प्रकार सापडेल तो घ्या. नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावात 'बेस्ट लाकडी घाणा तेल कराड शुद्ध सेंद्रिय' असली माळ लावली तर खातं बंद पडू शकतं, कारण ते नियमाविरुद्ध आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं का? तसं लिहा. उंब्रजहून गाडी काढून आलेल्या माणसाला बंद शटर दिसलं तर तो परत येत नाही, वर एक चांदणी देऊन जातो. फोटो टाका: बाहेरून पाटी, समोरचा रस्ता, घाणा, दाणे, भरलेल्या बाटल्या. दिवाळीच्या शुभेच्छांचं चित्र नको, ते गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही. खातं खरं आहे हे पटवायला गुगल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतं. पाटी, गल्ली, घाणा आणि आतली कुलपाची खोली एका दमात चित्रित करून पाठवायची. हे पत्रावर चालायचं तेव्हा पोस्टकार्डाची वाट बघत महिना जायचा.

मग पिन. नकाशावरची ती लाल खूण. एका कारखानदाराकडे मी तीन महिने जाहिराती चालवल्या. चौकशा येत होत्या, माणसं येत नव्हती. एके दिवशी मी स्वतः नकाशा लावून गेलो, तर नकाशात बोलणाऱ्या बाईनं मला कारखान्याच्या मागच्या गल्लीत नेलं आणि "तुम्ही पोहोचला आहात" म्हणाली. समोर आठ फुटी भिंत, पलीकडून यंत्रांचा आवाज. तीन महिने माणसं त्या भिंतीला नमस्कार करून परत जात होती. खूण बोटानं सरकवायला अर्धं मिनिट लागलं. त्या तीन महिन्यांच्या बिलाबद्दल मी अजूनही त्या मालकांशी नजर मिळवून बोलत नाही.

'नाव किती झालंय' यात मोठा वाटा लोकांच्या अभिप्रायांचा असतो. जुन्या गिऱ्हाइकांकडून मागा, सरळ मागा. तेलाचा डबा हातात देताना म्हणा, "ताई, दोन ओळी गुगलवर लिहा, नव्या माणसाला बरं पडतं." पण अभिप्रायाच्या बदल्यात पाव लिटर फुकट, सूट, असलं काही करू नका, गुगलला ते चालत नाही. विकतचे अभिप्राय तर नकोच. एका आठवड्यात हैदराबाद आणि इंदूरहून वीस पाच-चांदण्या आल्या की कराडच्या माणसाला बरोबर वास येतो. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे दाखवावेत यावर भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये मानकच काढलंय, आयएस १९०००, त्यावरून या खोट्या चांदण्यांचा त्रास किती झाला असेल ते समजा.

वाईट अभिप्राय येणारच. तुमच्या धंद्यात तो काय असेल हे मी आत्ताच सांगतो: "भजी तळताना फेस आला, तेलात भेसळ आहे." दुसरा: "तळाशी गाळ बसला." घाण्याचं तेल रिफाइंड नसतं, त्यात फेस येतो, गाळ बसतो, हे तुम्ही काउंटरवर दिवसातून चारदा समजावता. तेच उत्तर त्या अभिप्रायाखाली शांतपणे लिहा: फेस का येतो, पहिल्यांदा मंद आचेवर तेल कसं तापवायचं, गाळ बसू नये म्हणून तुम्ही किती दिवस निथळत ठेवता. ते उत्तर त्या एका माणसासाठी नसतं, नंतर वाचणाऱ्या दोनशे जणांसाठी असतं. चिडून "तुम्ही आमच्याकडून तेल घेतलंच नाही" असं लिहिणारे मालक मी पाहिलेत. त्यांचं म्हणणं कधीकधी खरंही असतं, पण वाचणाऱ्याला फक्त भांडण दिसतं.

आणि आता गंमत बघा. तुम्ही ही जी काउंटरवरची उत्तरं देता, तोच एसईओ आहे, म्हणजे गुगलच्या शोधात आपलं पान वर आणायचं काम. निदान त्याचा गाभा. गुगलला लोक विचारतात: शेंगदाणा तेलाला फेस का येतो, करडईचं तेल भाजीला चालतं का, घाण्याचं तेल किती महिने टिकतं. या प्रश्नांना ज्याच्या पानावर खरं, अनुभवाचं, सोप्या भाषेतलं उत्तर सापडेल त्याचं पान हळूहळू वर येतं. 'हळूहळू' म्हणजे महिने. पहिल्या क्रमांकाची खात्री कुणीही देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच लिहून सांगतं. गुगल जी जागा विकतच नाही, ती पैसे देऊन घेता येत नाही. वर 'प्रायोजित' असा शिक्का असलेली जागा विकत मिळते, आणि गॅरंटीवाले बरेचदा तीच दाखवतात. किंवा तुमच्या दुकानाचंच नाव टाइप करून पहिलं पान दाखवतात. तुमचं नाव घातल्यावर तुम्ही पहिले येणारच, दुसरं कोण येणार?

पैसे देऊन येणारी जागा कशी चालते तेही सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथंच गळतो. गुगल जाहिरात म्हणजे लिलाव. कुणी 'लाकडी घाणा तेल' टाइप केलं की त्याच क्षणी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, त्या शब्दांवर बोली लावलेल्यांचा लिलाव होतो. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तसा, पण एक फरक आहे. फक्त जास्त बोली बोलणारा जिंकत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, दाबल्यावर पुढं काय उघडतं, हेही धरतात. आणि पैसे जाहिरात दिसली म्हणून कापले जात नाहीत, कुणी ती दाबली की कापले जातात.

म्हणजे चुकीच्या माणसानं दाबली तरी कापले जातात. इथं माझीच गोष्ट. पहिल्यांदा एका घाणेवाल्याचं काम घेतलं तेव्हा मी 'लाकडी घाणा' हे शब्द टाकले आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा फोन. मी खूश, मालक बेजार. अकरातल्या नऊ जणांना घाण्याचं मशीन घ्यायचं होतं! किंमत काय, सबसिडी मिळते का, थ्री फेज लागतं का. एक जण तर प्रोजेक्ट रिपोर्ट मागत होता. कागदावर मोहीम झोकात, गल्ल्यात शून्य. गुगल जाहिरातीत 'हे शब्द असतील तर मला दाखवू नको' अशी यादी देता येते. तुमच्या यादीत पहिल्या दिवसापासून मशीन, सबसिडी, प्रोजेक्ट, ट्रेनिंग, फ्रँचायझी, नोकरी, सेकंडहँड हे शब्द पाहिजेत. ही यादी करायला तंत्रज्ञान येत नसलं तरी चालतं. तुमच्या दुकानात चुकून कोण कोण येतं हे माहीत असावं लागतं, आणि ते एजन्सीपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. दर आठवड्याला 'लोकांनी नेमकं काय टाइप केलं' त्याची यादी मागून घ्या आणि नको असलेल्या शब्दांवर काट मारा.

दुसरी गळती ठिकाणाच्या सेटिंगमध्ये. तुम्ही 'कराड' निवडलंत तरी गुगल आपणहून जे पर्याय लावून ठेवतं, त्यात कराडमध्ये असलेले लोक येतात तसेच कराडमध्ये 'रस असलेले' लोकही येतात. म्हणजे बंगळुरूत बसून कराडची हवा बघणाराही त्यात येऊ शकतो. तो पर्याय बदलून 'त्या ठिकाणी असलेले' एवढंच ठेवायचं. एक खटका आहे, पण तो दाबलेला मला दहातल्या दोन-तीन खात्यांत सापडतो.

रोजचं बजेट २०० रुपये ठेवलं तर एखाद्या दिवशी ४०० पर्यंत कापले जाऊ शकतात, घाबरू नका. महिन्याचा हिशेब २०० गुणिले ३०.४ च्या वर जात नाही. आणि खरं सांगायचं तर कराड, मलकापूर, ओगलेवाडी, विद्यानगर एवढ्या टापूत 'घाण्याचं तेल' शोधणारी माणसं रोज किती असणार? तुमचे २०० रुपयेसुद्धा काही दिवशी संपणार नाहीत. म्हणून १० हजारांचं जाहिरात-बजेट ऐकल्यावर मी दचकलो. ते संपवायचं म्हटलं तर एजन्सीला शब्द सैल करावे लागतील, टापू वाढवावा लागेल, आणि मग परत मशीनवाल्यांचे फोन.

आता फ्लेक्सकडे. इन्स्टाग्राम, फेसबुक. इथं तुमच्याकडे एक मोठी गोष्ट आहे जी मोबाइल-कव्हर विकणाऱ्याकडे नाही: घाणा बघायला छान दिसतो. लाट फिरतेय, दाण्याचा लगदा चकाकतोय, कडेनं तेलाची धार उतरतेय, तो कुरकुर आवाज. त्यावर गाणं लावू नका. मुलीला सांगा, सकाळी पहिल्या घाण्याला फोन उभा धरायचा, वीस सेकंद, घाण्याचाच आवाज, खाली एवढंच: 'आजचा शेंगदाणा, दुकान अमुक गल्ली, अकरापासून मिळेल.' आठवड्यातून दोनदा पुरे. चांगला चाललेला एखादा व्हिडिओ जाहिरात म्हणून दाखवायचा असेल तर ते निळं 'बूस्ट' बटण दाबायची घाई नको. ते सोपं आहे म्हणून दाबलं जातं आणि बहुतेकदा लाइक घेऊन येतं. जाहिरातीचं उद्दिष्ट 'व्हॉट्सॲपवर संदेश' ठेवा, टापू दुकानापासून दहा-बारा किलोमीटर, दिवसाला १००-१५० रुपये, दोन आठवडे. लाइकचा भाजीला उपयोग नाही. संदेश किती आले ते मोजा.

लिहिताना एक पथ्य. 'हृदयविकार जातो, शुगर बरी होते' असलं काही लिहू नका, दुसऱ्यांनी लिहिलंय म्हणूनही नको. असल्या जाहिरातींसाठी १९५४ पासून कायदा आहे, आणि खाद्यपदार्थाच्या दाव्यांवर एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) २०१८ चे नियम आहेत. 'आज सकाळी काढलं' हा दावा कुठल्याही डॉक्टरी दाव्यापेक्षा जास्त तेल खपवतो, आणि तो तुम्हाला सिद्धही करता येतो.

व्हॉट्सॲप येतं म्हणालात, ही जमेची बाजू आहे, कारण तुमचा खरा पैसा तिथं आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप २०१८ च्या जानेवारीत भारतात आलं, फुकट आहे. दुकानाचा नंबर त्यावर घ्या. कॅटलॉगमध्ये शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरेल, प्रत्येकाचा भाव आणि माप. गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं: 'दर महिना ५ लिटर', 'फक्त खोबरेल', 'पुण्याला पार्सल'. आता विचार करा, चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा साधारण किती दिवस जातो ते तुम्हाला माहीत आहे. संपायच्या चार दिवस आधी एक ओळ: "काकू, तेल संपत आलं असेल. उद्या करडईपण काढतोय. ठेवू का?" वाण्याचा पोऱ्या पूर्वी घरी येऊन यादी घेऊन जायचा, त्यातलंच हे. नवं गिऱ्हाईक आणण्यापेक्षा जुनं टिकवणं स्वस्त असतं, पण एजन्सीच्या पॅकेजमध्ये हे सहसा नसतं, कारण त्याचं बिल लावता येत नाही.

ब्रॉडकास्ट यादीचा एक स्वभाव लक्षात ठेवा: ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून डब्याच्या लेबलवर नंबर मोठा छापा आणि तोंडी सांगा, "सेव्ह करून ठेवा, ताजा घाणा लागला की कळवतो." आणि रोज सुप्रभात पाठवू नका. लोक ब्लॉक करतात, सांगत नाहीत.

तुमच्या भागातली बरीच घरं पुण्या-मुंबईत नोकरीला गेलीत. गावी आले की डबा घेऊन जातात, पुढं तिकडं रिफाइंडवर भागवतात. त्यांना ट्रॅव्हल्सनं, कुरिअरनं पाठवता येईल, पण आधी पाच डबे नातेवाइकांना पाठवून बघा, किती गळतात. तेलाचं पार्सल फुटलं की शेजारच्या पार्सलचीही भरपाई तुमच्या गळ्यात. मोठ्या शॉपिंग ॲपवर विकायचा विचार त्याच्याही नंतर. तिथलं कमिशन आणि पॅकिंग लिटरच्या ४० रुपयांत बसतं का ते आधी बघा. वेबसाइटचंही तसंच. लागेल, पण आज नाही. लागेल तेव्हा चार पानी, मराठीत, काउंटरवरच्या उत्तरांची.

एजन्सी पाठवते त्या महिन्याच्या अहवालाबद्दल थोडं, कारण पुढं कधी ना कधी तुम्ही कुणाला तरी काम द्याल. त्यात 'इंप्रेशन ३ लाख, रीच ८० हजार' असं ठळक असेल. एकच माणूस तुमच्या फ्लेक्सखालून पाचदा गेला तर इंप्रेशन पाच, रीच एक. त्यानं मान वर केली की नाही ते दोन्हीत नाही. 'लीड' म्हणजे चौकशी. नुसता नंबर देऊन गेलेला माणूसही लीड, आणि मशीनची किंमत विचारणाराही लीड. तुम्हाला दोनच आकडे हवेत: या महिन्यात नवी घरं किती जोडली गेली, आणि एका घरामागे किती रुपये गेले. हे आकडे एजन्सीकडे नसतात, ते तुमच्या गल्ल्यावर तयार होतात. काउंटरवर दोरीनं पेन बांधलेली वही ठेवा. नवं माणूस आलं की एकच प्रश्न, "आमचा पत्ता कुठून मिळाला?" गुगल, इन्स्टा, शेजारीण, पाटी. पुढं रेघ मारा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या वहीत पहिल्या महिन्यात 'शेजारीण' खाली सगळ्यात जास्त रेघा निघाल्या. मग आम्ही जाहिरात अर्धी केली आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या पिशवीत शेजारणीसाठी म्हणून खोबरेलाची छोटी बाटली घालायला लागलो.

एका घरामागे किती खर्च परवडेल? महिना ४ लिटर घेणारं घर वर्षभर टिकलं तर ४० च्या हिशेबानं १,९२० रुपये देतं. त्याला आणायला २००-२५० गेले तर हसत द्या. ८०० जात असतील तर थांबा आणि का ते शोधा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात कंटाळवाणा आहे, आणि लोक इथंच बुडतात. चाव्या. गुगल प्रोफाइल, फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, जाहिरातीचं खातं, पुढं वेबसाइटचं नाव, हे सगळं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर उघडा. एजन्सीला 'मॅनेजर' म्हणून आत घ्या. 'मुख्य मालक' तुम्हीच. घरकाम करणाऱ्या माणसाला आपण किल्ली देतो, सातबारा नावावर करून देत नाही. माझ्याकडे आलेल्या एका फर्निचरवाल्याचं दुकानाच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, जुन्या एजन्सीनं स्वतःच्या नावावर घेतलेलं होतं. वाद झाला, त्यांनी फोन उचलणं बंद केलं, मुदत संपली, नाव गेलं. नऊ वर्षं त्यांच्या बिलावर, कार्डावर, टेम्पोवर छापलेला पत्ता टाइप केला की भलतंच पान उघडायचं. टेम्पो परत रंगवावा लागला. डोमेनचा वर्षाचा खर्च म्हणजे तेलाच्या चार-पाच बाटल्या, एवढ्यासाठी.

आणि 'गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग उद्या बंद होणार, फी भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. प्रोफाइलला फी नसते. ओटीपी तर कुणालाच नाही, एजन्सीच्या मुलालाही नाही.

त्या मुलाला मात्र परत बोलवा. त्याला सांगा: पॅकेज नको. गुगलचं प्रोफाइल नीट करून दे, माझ्या ईमेलवर. एकदाचे काय घेणार ते सांग. मग तीन महिने रोज २०० रुपयांची शोध-जाहिरात, नको त्या शब्दांची यादी माझी, आठवड्याला शोधाचे शब्द मला व्हॉट्सॲपवर. या कामाचे महिन्याला ३-४ हजार घे. तो 'असं आम्ही करत नाही' म्हणाला तर चहा पाजून पाठवा. 'यादीत काय काय टाकू?' असं त्यानं लगेच विचारलं, तर मुलगा कामाचा आहे. त्याला घाण्याजवळ नेऊन बसवा आणि पहिला शब्द सांगा: मशीन.